जुनी पिकअप उघडताना: क्रम, नेहमीच्या चुका आणि त्यांची कारणं

दहा-पंधरा वर्षं भाजीचे क्रेट, वाळू, फर्निचर वाहिलेली पिकअप स्वस्तात मिळते. नवशिका माणूस पहिल्याच रविवारी बॉनेट उघडतो, दुपारपर्यंत इंजिन धडधडायला लागतं आणि आनंदाच्या भरात गाडी गल्लीच्या उतारावर जाते. तिथं ब्रेकचा पेडल थेट तळाला टेकतो. जुन्या गाडीचं काम उलट्या टोकाकडून करायचं असतं. आधी ती थांबली पाहिजे, मग सरळ वळली पाहिजे आणि चालण्याची गोष्ट त्यानंतर. म्हणून खालचा क्रम ब्रेकपासून सुरू होतो. इंजिन तोवर कितीही खुणावत असलं तरी त्याला हात लावू नका.

हे सगळं बोलेरो पिकअप, टाटा २०७ अशा पुढे इंजिन, मागे कमानपाटे (सस्पेन्शनचे पोलादी पाटे) आणि साधा मेकॅनिकल डिझेल पंप असलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. छोट्या हत्तीचं (टाटा एस) इंजिन सीटखाली असतं, त्यामुळे हात घालायची जागा बदलते, पण ब्रेकचे आणि पाट्यांचे नियम तेच. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) इंजिनाच्या डिझेल लाइनला मात्र यातलं काही लावू नका. तिथलं प्रेशर जीवघेणं असतं.

जागा आणि जॅक

पुण्यात हडपसर-वाघोलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर काळी माती असते. उन्हाळ्यात ती दगडासारखी वाटते, पहिल्या पावसानंतर जॅक तिच्यात तिरका होऊन रुततो. काँक्रीट किंवा फरशी नसेल तर जॅकखाली आणि प्रत्येक घोडीखाली दोन इंच जाडीची, फूटभर चौरस फळी घाला. घोडी म्हणजे जॅक-स्टँड, किमान तीन टनी, आणि तीही जोडीनं. गाडी फक्त जॅकवर उभी असेल तर खाली शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. जॅकचं सील गेलं की तो आधी सांगत नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉकही नकोत, ते भार आला की एकदम फुटतात.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट वेगळीच आहे. मागचं एक चाक उचलायचं असतं, म्हणून माणूस गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतो आणि निर्धास्त होतो. पण चाक जमिनीवरून सुटलं की डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरपेटी) त्याला मोकळं फिरू देतं, आणि जमिनीवरचं दुसरं चाकही त्यामुळे मोकळं होतं. गाडी गिअरमध्ये असूनही सरकते आणि जॅकवरून पडते. हँडब्रेकही बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांवर चालतो. तेव्हा मागचं चाक उचलताना पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावायचे.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्या. जुन्या जीपच्या घराण्यातल्या काही गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. ते माहीत नसेल तर माणूस पाइप लावून जोर करतो आणि स्टड तोडतो. स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलंय का, ते आधी पुसून बघा.

बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. पॉझिटिव्ह आधी काढताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, पाना लाल होतो, आणि बॅटरीतून निघणारा वायू त्या ठिणगीची वाटच बघत असतो.

नाना पेठेत जाण्याआधी

पुण्यात सुट्या भागांसाठी पाय आपोआप नाना पेठेकडे वळतात. तिथं “दोन हजार दहाची पिकअप” एवढं सांगून मागितलेला पार्ट निम्म्या वेळा परत न्यावा लागतो. एकाच वर्षात दोन प्रकारचे ब्रेक किंवा क्लच प्लेट आलेल्या असतात. चासी नंबर आणि इंजिन नंबर लिहून न्या आणि जुना पार्ट पुसून पिशवीत टाका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच नंबर सांगून बेअरिंगच्या दुकानातून घ्या. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये असते. ते तीन आकडे जुळले की गाडीचं नाव सांगायचीही गरज नाही.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून दरवाजाचे हँडल, ब्रॅकेट, आरसे, लाइटची घरं (हाउसिंग) खुशाल आणा. ब्रेकचा कुठलाही रबरी भाग, होज, टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट (स्टिअरिंगचे सांधे), यू बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) जुने घ्यायचे नाहीत. ते वरून नवे दिसतात, आत किती थकलेत ते कळायला मार्ग नाही. अख्खं इंजिन जुनं घेणार असाल तर बिलाशिवाय नको, कारण इंजिन नंबर बदलला की आरसी बुकावर नोंद करून घ्यावी लागते.

जाम बोल्ट

नवशिक्याचा अर्धा वेळ इथं जातो. पंधरा पावसाळे खाल्लेला बोल्ट सुटत नाही. त्यावर जोर केला की डोकं गोल होतं, त्याहून जोर केला की तो तुटतो.

आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशनं उघडे आटे साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारा, तासाभरानं पुन्हा, सकाळी पुन्हा. आटे न घासता मारलेला स्प्रे चिखलावरच राहतो. दुसऱ्या दिवशी सहा कोनांची गोटी किंवा रिंग पाना घ्या. फिक्स पाना फक्त दोन कडा पकडतो, म्हणून डोकं घासतं. आधी पाना लावून हातोडीनं दोन-तीन ठोके द्या, मग घट्ट करण्याच्या दिशेला किंचित वळवा, मग सोडवण्याच्या. किर्र आवाज करत सुटायला लागला की थांबा, तेल मारा, मागे-पुढे करत काढा. एका दमात काढायला गेलात तर गंजाचा चुरा आट्यांत अडकतो आणि मधेच पुन्हा आवळतो.

तरी नाही सुटला तर गॅसनं तापवायचा नट, बोल्ट नव्हे. नट फुगला की पकड सुटते. बोल्ट तापवला तर तोच फुगून आणखी घट्ट बसतो. डिझेल टाकी, ब्रेकचा होज आणि शॉकॲब्सॉर्बर यांच्याजवळ ज्योत नेऊ नका. शॉकॲब्सॉर्बर बंद डबा आहे, तो फुटतो.

तुटलाच तर लगेच ड्रिल उचलू नका. थोडा खुंट बाहेर असेल तर त्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या, लाली ओसरेपर्यंत थोडा थांबा आणि गरम असतानाच पाना लावा. वेल्डिंगची उष्णताच बरंचसं काम करते. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरचा प्लग काढा, नाहीतर डायोड जळतात. खुंट पातळीत तुटला असेल तर बरोबर मध्ये सेंटर पंच मारूनच ड्रिल करा. ड्रिल एका बाजूला सरकलं की मूळ आटे गेले आणि काम भोसरीच्या लेथवाल्याकडे गेलं.

परत बसवताना उलटी चूक होते, ती म्हणजे अंगाच्या जोरावर आवळणं. ८.८ ग्रेडचा ८ मिमीचा बोल्ट साधारण अडीच किलोग्रॅम-मीटर टॉर्कला (आवळण्याचा जोर) पुरे होतो, १० मिमीचा पाचला, १२ मिमीचा साडेआठच्या आसपास. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. ॲल्युमिनियमच्या भागात बसणाऱ्या बोल्टला याहून कमी लागतं, तिथं टॉर्क रेंचशिवाय हात घालू नये.

ब्रेक

पुढे डिस्क, मागे ड्रम अशी रचना बहुतेक पिकअपला असते. मागचं काम जास्त किचकट. एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तशीच ठेवली की कुठली स्प्रिंग कुठं होती ते तिथं जाऊन बघता येतं. दोन्ही उघडून बसलेला माणूस संध्याकाळी उरलेली एक स्प्रिंग हातात घेऊन विचार करत असतो.

ड्रम निघत नसेल तर आधी हँडब्रेक सोडा, ॲडजस्टर पूर्ण सैल करा. झिजलेल्या ड्रमच्या आतल्या बाजूला कड तयार होते आणि लायनर (ड्रमवर घासणारे ब्रेकचे पट्टे) तिला अडतात. बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोकं दिलेली असतात. त्यात बोल्ट घालून थोडे थोडे आळीपाळीनं आवळले की ड्रम स्वतःहून बाहेर येतो. कडेवर हातोडी मारली तर बीडाचा तुकडा उडतो. आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आले असतील तर बदला, आणि बदलायचे ते दोन्ही बाजूंचे. व्हील सिलिंडरचा (चाकातला, लायनर ड्रमवर ढकलणारा) रबरी बूट उचलून बघा. आत ओल असेल तर सील गेलं. सीलचं किट टाकायचं की अख्खा सिलिंडर, हे बोटानं ठरतं. आतून गुळगुळीत असेल तर किट चालेल. गंजाचे खड्डे लागत असतील तर नवा सिलिंडर घ्या, कारण खड्ड्यावरून फिरणारं नवं सील पुढच्या पावसाळ्याआधी फाटेल. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. लेथवर साफ करताना त्यापलीकडे गेला तर ड्रम भंगारात.

ब्रेक ऑइल कुठलं, हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. यात इंजिन ऑइलचा थेंबही पडता कामा नये. सगळी सील फुगतात, ब्रेक आपोआप धरून बसतात आणि पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सगळं बदलावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्याची मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. दिवे घाटातून भरल्या गाडीनं सतत ब्रेक दाबत उतरताना ऑइल उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडतो. म्हणून जुन्या गाडीत पहिल्याच कामात सगळं ऑइल बदला, पूर्ण धुवायला साधारण एक लिटर लागतं. अर्धी उघडी ठेवलेली बाटली मागच्या वर्षीची असेल तर फेकून द्या. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग निघतो.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्याकडे तो उजवीकडे असतो, म्हणून डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. चाकाजवळच्या निपलला (हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावा, तिचं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवा. वर सीटवरचा माणूस पेडल दाबून धरतो, खाली बसलेला निपल अर्धा फेरा उघडतो, बुडबुडे येतात, निपल बंद झाल्यावरच खाली बसलेला “सोड” म्हणतो. क्रम चुकला की बाहेर गेलेली हवा परत आत येते आणि दोघं एकमेकांवर चिडतात. दर चार-पाच दाबांनंतर वरची टाकी भरा. ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

दोन सापळे इथं दडलेले आहेत. पहिला, पेडल तळापर्यंत दाबणं. रोजच्या वापरात पिस्टन मास्टर सिलिंडरच्या एका ठरावीक भागातच फिरतो, त्यापुढच्या भागात गंज बसलेला असतो. हवा काढताना पेडल तळाला गेला की सील त्या गंजावर घासून फाटतं, आणि चांगला मास्टर सिलिंडर त्याच दिवशी जातो. पेडलखाली दोन इंची लाकडी ठोकळा ठेवा. दुसरा सापळा मागच्या ॲक्सलजवळचा भार ओळखणारा व्हॉल्व्ह. अनेक पिकअपला तो असतो, ॲक्सलला दांडीनं जोडलेला. चासी उचलून ॲक्सल लटकत ठेवला तर त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचं प्रेशर तोडतो. मागून हवा निघतच नाही. घोड्या ॲक्सलखाली लावा. काही गॅरेजांत ही दांडी तारेनं वर बांधून टाकतात. मग रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. अशी तार दिसली तर आधी ती सोडा.

रबरी होज बाहेरून धड दिसला तरी आतून सुजतो. ब्रेक दाबला जातो पण सुटत नाही, एक चाक तापतं. दहा वर्षांचे होज न बघता बदला. गंजलेल्या पाइपाच्या जागी तांब्याची नळी वाकवून लावायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. साधं तांबं थरथरीनं कडक होऊन तडकतं.

पाटे आणि स्टिअरिंग

यू बोल्टचे नट तापवून, कापून काढा आणि नवेच लावा. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तितकी पकड देत नाही. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी पळते. रबरी बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळा. हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि चार महिन्यांत फाटतं.

जास्त माल भरता यावा म्हणून पाटे वाढवू नका. पाटे टिकतात, पण धक्का पुढे चासीला बसतो आणि हँगरजवळ (पाटा चासीला टांगलेली जागा) चीर पडते. चासी तिथंच हातोडीनं ठोकून बघा. टणक आवाज हवा, भदभद आवाज आला तर पत्रा आतून खाल्लेला आहे. भाजी वाहिलेल्या गाडीत सडकं पाणी हौद्याखाली साचून हे जास्त होतं.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खटखट आली आणि ब्रेक दाबल्यावर थांबली तर बेअरिंग सैल आहे. तरीही राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो सांधा). डावी-उजवी खटखट टाय रॉड एंडची. टेपर बेअरिंगचा नट चाक फिरवत आवळून मग किंचित मागे घ्यायचा असतो, स्प्लिट पिन नवी. घट्टच सोडला तर वीस किलोमीटरमध्ये हब हात लावू देणार नाही.

डिझेल आणि पाणी

फिल्टर बदलला आणि गाडी चालू होईना, तर लाइनमध्ये हवा आहे. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्राइमर (हातपंप) मारत राहा, बुडबुडे थांबले की बंद करा, मग पंपावरच्या स्क्रूला तेच. सेल्फ (स्टार्टर) एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा. रात्रभर उभी राहिल्यावर रोज सकाळी हाच त्रास होत असेल तर जोडांवर जुने तांब्याचे वॉशर परत लावलेत. तिथून डिझेल गळत नाही, पण हवा आत जाते. नोझलची गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं. टाचणीएवढी जखम दिसली तरी तडक हॉस्पिटलमध्ये जा आणि तिथं “प्रेशरनं डिझेल आत गेलंय” असंच सांगा.

इंजिन ऑइल खुणेच्या वर भरू नका. जादा ऑइल श्वासनळीतून (ब्रीदर) इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत, गेलं की डिझेल इंजिन तेच जाळत सुटतं, आणि चावी काढूनही बंद होत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, किंवा इनटेकच्या तोंडावर फळी दाबा. हात नाही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलं की क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे, आणि तो चुकीचा आहे. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जास्त जळतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटर टाळून बायपासनंच फिरतं आणि इंजिन आणखी तापतं. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, किंवा ऑइल कॅपखाली दुधाळ साका दिसला तर हेड गास्केटकडे (इंजिन हेडखालचं पॅकिंग) बघा.

क्लच, गिअरबॉक्स

गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना भरायचा बोल्ट आधी सोडवून बघा, निचऱ्याचा नंतर. उलटं केलं आणि वरचा जाम निघाला तर ऑइल जमिनीवर आणि गाडी जागेवर. जुनं ऑइल गटारात नको, डब्यात भरून ठेवा.

गिअरबॉक्स काढता-बसवताना त्याचं वजन क्षणभरही शाफ्टवर लटकू देऊ नका, क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नवी प्लेट पहिल्या दिवसापासून थरथरते. खाली जॅक हवाच. प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट किंवा लेथवर केलेली लाकडी दांडी वापरा. प्लेटवर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, ते छापलेलं असतं. उलटी बसली तर क्लच सुटत नाही आणि सगळं पुन्हा खाली.

आणि इंजिन-चासीची अर्थिंग पट्टी परत लावली का? गिअरबॉक्सच्या कामानंतर विसरण्यात हिचा पहिला नंबर. पट्टी नसली की सेल्फचा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो आणि केबलमधून धूर निघतो. लोक केबल बदलतात, नवीही जळते. लाइट मंद, सेल्फ आळशी, अशा बहुतेक तक्रारी या एका पट्टीच्या गंजलेल्या टोकाशी संपतात. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दाखवत असेल तर चार्जिंग ठीक आहे.

पहिली फेरी

मोकळ्या मैदानात ताशी वीसच्या वेगानं चार-पाच वेळा ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढते का बघा, उतरून चारही हबना हाताचा मागचा भाग जवळ नेऊन ऊब तपासा. एकच चाक तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. मग रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर. चाकाचे नट आणि यू बोल्ट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, नट एका आड एक, समोरासमोरचे. अर्धा माल भरून आठवडाभर चालवल्याशिवाय कात्रजच्या घाटात जाऊ नका, आणि उतरताना ज्या गिअरनं चढला असतात त्याच गिअरनं उतरा. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. तारीख घेण्याआधी हॉर्न, वायपर, मागचे रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट बघून घ्या. ब्रेक उत्तम असूनही गाडी परत पाठवतात ती बहुधा यांच्यासाठीच.